स्तनाच्या कर्करोगाचे आनुवंशिक मूळ आणि मेरी-क्लेअर किंग

काही घराण्यांतील स्त्रियांना स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होत राहतो, हे निरीक्षण वैद्यकाला नवे नाही. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या गाठींवरील ग्रंथात आपल्या पत्नीच्या घराण्यातील चार पिढ्यांची वंशावळ दिली होती आणि त्या घराण्यात हा रोग आनुवंशिक असावा, असा तर्क मांडला होता. परंतु निरीक्षण आणि त्याचे स्पष्टीकरण यांच्यामध्ये पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ गेला, कारण एका घरात राहणाऱ्या आणि एका चुलीवरचे अन्न खाणाऱ्या माणसांना एकच रोग झाला, तर त्याचे कारण वंशात शोधावे की राहणीत, हे नुसत्या वंशावळीकडे पाहून ठरवता येत नाही. हा तिढा सोडवण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ मेरी-क्लेअर किंग यांच्याकडे जाते. ‘बीआरसीए-१’ या जनुकाच्या शोधाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. तथापि त्यांच्या कामाचे खरे मोल जनुक सापडण्यापेक्षाही ते कोणत्या रीतीने शोधले गेले यात आहे, आणि ती रीत समजून घेतल्याशिवाय त्या शोधाचे महत्त्व पुरते लक्षात येत नाही.

किंग यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९४६ रोजी शिकागोजवळ झाला. मिनेसोटा राज्यातील कार्लटन कॉलेजातून गणिताची पदवी घेऊन त्या संख्याशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या. तेथे कर्ट स्टर्न या ज्येष्ठ आनुवंशिकीविज्ञांच्या व्याख्यानांमुळे त्या आनुवंशिकीकडे वळल्या, मात्र गणित त्यांनी कधी सोडले नाही. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाने विद्यापीठ ढवळून निघाले असताना त्यांनी काही काळ अभ्यास थांबवून ग्राहकहक्कांचे पुरस्कर्ते राल्फ नेडर यांच्या गटाबरोबर शेतमजुरांवर कीटकनाशकांचे काय परिणाम होतात याची पाहणी केली. त्यांना संशोधनाकडे परत आणले ते अ‍ॅलन विल्सन या मार्गदर्शकांनी. माणूस आणि चिंपँझी यांच्या प्रथिनांची तुलना करून ती सुमारे ९९ टक्के सारखी असल्याचे किंग यांनी आपल्या प्रबंधात दाखवले. दोन प्रजातींच्या शरीरात आणि वागण्यात एवढी तफावत असताना प्रथिने जवळजवळ सारखी आहेत, तेव्हा तफावतीचे कारण जनुके केव्हा आणि किती प्रमाणात कार्य करतात यात असले पाहिजे, हा विल्सन व किंग यांचा १९७५ सालचा निष्कर्ष आजही उत्क्रांतीच्या अभ्यासात आधारभूत मानला जातो. एवढ्या एका कामावर दुसऱ्या कोणाची कारकीर्द उभी राहिली असती. किंग यांनी मात्र त्या वेळेपर्यंत वेगळाच विषय हाती घेतला होता.

१९७३ साली त्या चिलीतील सांतियागो येथे अध्यापनासाठी गेल्या होत्या. त्या वर्षीच्या ११ सप्टेंबरला लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचे सरकार उलथून टाकले आणि वर्षअखेरीस किंग अमेरिकेत परतल्या. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यकीय विद्यापीठात त्यांनी स्तनाच्या कर्करोगावर काम सुरू केले आणि १९७६ साली बर्कली येथे साथरोगशास्त्राच्या, म्हणजे लोकसमूहात रोग कसे पसरतात आणि कोणाला होतात याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या, विभागात त्यांची नेमणूक झाली. त्या काळी कर्करोगाच्या संशोधनात विषाणूंच्या भूमिकेकडे मोठे लक्ष होते. दुसरीकडे तंबाखूसारख्या बाह्य कारणांचे पुरावे भक्कम होत चालले होते. स्तनाच्या कर्करोगासारख्या सर्रास आढळणाऱ्या रोगामागे एखादे एकटे जनुक असू शकेल, ही कल्पना बहुतेकांना पटण्यासारखी नव्हती. हा अविश्वास निव्वळ हेकटपणाचा नव्हता, त्यामागे तीन सबळ कारणे होती.

पहिले कारण असे की जो रोग अमेरिकेत साधारण आठ स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात कधी ना कधी होतो, तो एखाद्या मोठ्या कुटुंबात तीन-चार जणींना केवळ योगायोगानेही होऊ शकतो. दुसरे कारण त्याहून त्रासदायक होते: ज्या कुटुंबात सदोष जनुक खरोखरच आहे, त्या कुटुंबातही ते न मिळालेल्या एखाद्या स्त्रीला इतर कोणत्याही स्त्रीप्रमाणे हा रोग होऊ शकतो, आणि ज्या स्त्रीला ते मिळाले आहे ती आयुष्यभर निरोगी राहू शकते, त्यामुळे रोगी म्हणजे सदोष जनुक आणि निरोगी म्हणजे निर्दोष जनुक, असे सरळ गणित येथे मांडता येत नाही. तिसरे म्हणजे पुरुषांना हा रोग क्वचितच होत असल्याने वडिलांकडून मुलीकडे जाणारे जनुक वंशावळीत एक पिढी दिसेनासे होते. हंटिंग्टन रोगासारख्या विकारांत, जेथे सदोष जनुक असणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती वयाच्या ओघात आजारी पडते, तेथे यांपैकी एकही अडचण नव्हती.

म्हणून किंग यांनी आधी जनुक शोधण्याऐवजी जनुक असण्याचा संभव किती आहे हे तपासले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कर्करोग आणि संप्रेरके यांच्या संबंधाचा एक मोठा अभ्यास चालू होता. त्यात सहभागी झालेल्या, वयाच्या ५५ वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रियांच्या १,५७९ कुटुंबांची माहिती किंग आणि त्यांच्या सहकारी बेथ न्यूमन यांनी वापरली. येथे त्यांनी जी पद्धत योजली तिला विभाजन विश्लेषण म्हणतात. एखादा रोग कुटुंबात निव्वळ योगायोगाने आला असेल, अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांमुळे आला असेल, किंवा एकाच प्रभावी जनुकामुळे आला असेल, अशी वेगवेगळी गृहीतके गणिती रूपात मांडायची आणि त्यांपैकी कोणत्या गृहीतकाने प्रत्यक्षात आढळलेल्या वंशावळी सर्वांत चांगल्या जुळतात हे काढायचे, असे तिचे स्वरूप असते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणाचा निष्कर्ष असा निघाला की सुमारे ४ टक्के कुटुंबांत एका प्रभावी जनुकाच्या वारशाने रोगाचे स्पष्टीकरण होते, आणि ते जनुक मिळालेल्या स्त्रीला आयुष्यात हा रोग होण्याचा धोका ८२ टक्क्यांपर्यंत, तर न मिळालेल्या स्त्रीला केवळ ८ टक्के असतो. उरलेल्या ९६ टक्के कुटुंबांविषयी या प्रतिकृतीने काहीही दावा केला नव्हता, आणि नेमका हा संयम तिचे बळ ठरला, कारण ‘स्तनाचा कर्करोग आनुवंशिक आहे का?’ या उत्तर न देता येणाऱ्या प्रश्नाच्या जागी ‘थोड्या कुटुंबांत तो एका जनुकाने येतो का?’ हा तपासता येणारा प्रश्न आला.

गणिताने जनुक असण्याची शक्यता दाखवली तरी ते कोठे आहे हे गणित एकटे सांगू शकत नाही. मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि त्यांवर आनुवंशिक माहितीची सुमारे तीन अब्ज अक्षरे एका संचात लिहिलेली असतात. एवढ्या विस्तारात एक जनुक शोधण्यासाठी चिन्हके वापरली जातात. चिन्हक म्हणजे गुणसूत्रावरील अशी ठरावीक जागा, जेथील मजकूर माणसामाणसांत वेगळा असतो. त्याचा रोगाशी स्वतःचा काही संबंध नसतो, परंतु रस्त्यावरील मैलाच्या दगडाप्रमाणे तो ठिकाण सांगतो. एखाद्या कुटुंबात रोग आणि एखाद्या चिन्हकाचे एक विशिष्ट रूप हे पिढ्यान्‌पिढ्या बरोबरच उतरत असतील, तर रोगाचे जनुक त्या चिन्हकाच्या शेजारी आहे असा अंदाज बांधता येतो. या बरोबरीने उतरण्यास सहलग्नता म्हणतात. १९७०च्या दशकात अशी चिन्हके फार थोडी होती आणि तीही रक्तातील प्रथिनांच्या स्वरूपात. १९८० साली किंग व सहकाऱ्यांनी अशाच एका विकराच्या जनुकाशी स्तनाच्या कर्करोगाची सहलग्नता असावी असा निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. अधिक कुटुंबे तपासल्यावर तो टिकला नाही. त्याच वर्षी डेव्हिड बॉटस्टीन, रे व्हाइट, मार्क स्कोल्निक आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी थेट डीएनएतील फरकच चिन्हके म्हणून वापरता येतील आणि त्यांच्या साहाय्याने सर्व गुणसूत्रांचा नकाशा तयार करता येईल, हे सुचवले. १९८३ साली याच मार्गाने हंटिंग्टन रोगाच्या जनुकाची जागा कळली आणि स्तनाच्या कर्करोगासाठीही साधन उपलब्ध झाले.

किंग यांच्या प्रयोगशाळेने २३ मोठी कुटुंबे निवडली. त्यांत स्तनाच्या कर्करोगाचे १४६ रुग्ण होते. चिन्हकामागून चिन्हक तपासले जात होते आणि प्रत्येक वेळी उत्तर एक तर नकारार्थी किंवा संदिग्ध येत होते. तपासलेले १८३वे चिन्हक १७व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचे होते. त्याचेही उत्तर सुरुवातीला संदिग्धच आले: काही कुटुंबांत ते रोगाबरोबर उतरत होते, काहींत अजिबात नाही. अशा ठिकाणी साधारणपणे चिन्हक बाजूला ठेवून पुढे जाण्याची रीत होती. येथे मात्र कुटुंबे कोणत्या क्रमाने मांडावीत, हा प्रश्न पुढे आला आणि बेथ न्यूमन यांच्या सूचनेनुसार ती रुग्ण स्त्रियांच्या निदानाच्या वेळच्या सरासरी वयानुसार मांडली गेली. सर्वांत तरुण वयात रोग झालेले कुटुंब वर, सर्वांत उतारवयात झालेले खाली.

या मांडणीने काय घडले हे समजण्यासाठी लॉड गुणांक म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे. चिन्हक व रोगाचे जनुक शेजारी असताना एखादी वंशावळ आढळण्याची शक्यता, आणि ती दोन एकमेकांपासून दूर असताना तीच वंशावळ निव्वळ योगायोगाने आढळण्याची शक्यता, यांचे गुणोत्तर काढून त्याचा दहाच्या पायावरील लॉगरिथम घेतला की लॉड गुणांक मिळतो. गुणांक १ आला तर सहलग्नतेच्या बाजूने दहास एक, ३ आला तर हजारास एक असा कौल होतो, आणि ३ हीच पुराव्याची मान्य पातळी समजली जाते. लॉगरिथम असल्यामुळे वेगवेगळ्या कुटुंबांचे गुणांक नुसते एकाखाली एक लिहून बेरीज करता येतात. गुणांक ऋण आला तर ते कुटुंब सहलग्नतेच्या विरुद्ध साक्ष देते. वयाच्या क्रमाने मांडलेल्या तक्त्यात वरच्या सात कुटुंबांची, म्हणजे ज्यांत निदानाचे सरासरी वय साधारण ४५ वर्षांपर्यंत होते त्यांची, बेरीज ५.९८ झाली. कौल जवळजवळ दहा लाखांस एक असा होता. त्याखालच्या, उतारवयात रोग झालेल्या कुटुंबांचे गुणांक ऋण होते आणि सगळी कुटुंबे एकत्र धरताच वरच्यांचा स्पष्ट कौल झाकला जात होता. माहिती तीच, आकडे तेच. केवळ क्रम बदलल्याने एका रोगाचे दोन प्रकार वेगळे झाले. लहान वयात होणारा आनुवंशिक कर्करोग आणि उतारवयात, प्रामुख्याने इतर कारणांनी, होणारा कर्करोग एकाच कप्प्यात घातल्यामुळे आधीचे प्रयत्न फसत होते. विज्ञानात वर्गीकरणाला दुय्यम काम समजण्याची सवय आहे. या एका तक्त्याने ती सवय किती महागात पडू शकते हे दाखवले.

ऑक्टोबर १९९० मध्ये सिनसिनाटी येथे भरलेल्या मानवी आनुवंशिकीच्या परिषदेत किंग यांनी हा निष्कर्ष जाहीर केला आणि डिसेंबरमध्ये जेफ हॉल, न्यूमन, किंग व इतरांच्या नावाने तो प्रसिद्ध झाला. फ्रान्समधील लियाँ येथील गिल्बेर लनवार आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन नॅरॉड यांनी स्तन व अंडाशय या दोन्हींचे कर्करोग आढळणाऱ्या कुटुंबांत १९९१ साली त्याला दुजोरा दिला. या जनुकाला किंग यांनी ‘बीआरसीए-१’ हे नाव दिले, परंतु त्या वेळी ते जनुक कोणाच्याच हाती नव्हते. माहीत होता तो केवळ १७व्या गुणसूत्रावरचा पट्टा, ज्यात शेकडो जनुके असू शकत होती. तो पट्टा पिंजून काढण्यासाठी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जपानमधील गट कामाला लागले. किंग यांनी मिशिगन विद्यापीठातील फ्रान्सिस कॉलिन्स यांच्याशी सहकार्य केले. तथापि १९९४च्या शरदात जनुक प्रथम मिळवले ते युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे मार्क स्कोल्निक यांच्या नेतृत्वाखालील गटाने, ज्यात स्कोल्निक यांनीच सहसंस्थापित केलेली मिरियड जेनेटिक्स ही कंपनी सहभागी होती. मॉर्मन पंथाने जपलेल्या विस्तृत वंशावळी त्या गटाच्या हाताशी होत्या. काही आठवड्यांतच किंग यांच्या प्रयोगशाळेने आपल्या संग्रहातील दहा कुटुंबांत या जनुकातील दोष दाखवून शोधाची खात्री पटवली. ज्यांनी वीस वर्षे घालून वाट तयार केली त्यांना शेवटचे पाऊल टाकता आले नाही, याची खंत या इतिहासाच्या अनेक वाचकांना वाटते. परंतु जनुक अस्तित्वात आहे हे सिद्ध करणे हेच अवघड काम होते, आणि ते १९९० सालीच पूर्ण झाले होते.

बीआरसीए-१ हे मोठे जनुक आहे. त्यावरून तयार होणाऱ्या प्रथिनात १,८६३ अमायनो आम्ले एका साखळीत जोडलेली असतात. या साखळीचा पाठ जनुकात तीन-तीन अक्षरांच्या गटांनी लिहिलेला असतो. प्रत्येक गट एका अमायनो आम्लाचा निर्देश करतो आणि काही मोजके गट ‘येथे थांबा’ असा. आता या जनुकातील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या दोषांपैकी एक जवळून पाहू. जनुकाच्या प्रारंभीच, २३व्या अमायनो आम्लाच्या ठिकाणी, ‘ए’ आणि ‘जी’ ही दोन अक्षरे गळून पडलेली असतात. दोनच अक्षरे गेल्यामुळे पुढचे सर्व तीन-तीनचे गट सरकतात, त्यांतून भलतीच अमायनो आम्ले जोडली जाऊ लागतात आणि ३९व्या जागी अकालीच ‘थांबा’ असा गट उभा राहतो. १,८६३ आम्लांच्या जागी ३८ आम्लांचा निरुपयोगी तुकडा उरतो. १८५-डेल-एजी या नावाने ओळखला जाणारा हा दोष आणि आणखी दोन दोष मिळून पूर्व युरोपीय वंशाच्या, म्हणजे अश्केनाझी, ज्यू समाजात साधारण ४० व्यक्तींपैकी एकीत आढळतात. इतर समाजांत मात्र जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचा दोष निराळा असतो आणि आजवर असे हजारो निरनिराळे दोष नोंदले गेले आहेत. त्यामुळे तपासणीत संपूर्ण जनुक वाचावे लागते. १९९५ साली मायकेल स्ट्रॅटन यांच्या ब्रिटिश गटाने १३व्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ हे दुसरे जनुक मिळवले. त्याचे प्रथिन आणखी मोठे, ३,४१८ आम्लांचे आहे.

या दोन्ही प्रथिनांचे प्रमुख काम डीएनएच्या दुरुस्तीचे आहे. पेशीविभाजनाच्या वेळी किंवा किरणोत्सारासारख्या कारणांनी डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, तर शेजारची शाबूत प्रत पाहून तंतोतंत जोडणी करण्याची व्यवस्था पेशीत असते आणि ती व्यवस्था बीआरसीए प्रथिनांवाचून चालत नाही. प्रत्येक व्यक्तीला या जनुकांच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यांपैकी एक जन्मतः सदोष असली तरी दुसरी काम भागवते. परंतु एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही कालांतराने निकामी झाली की त्या पेशीतील डीएनएची मोडतोड साचत जाते आणि कर्करोगाची वाट मोकळी होते. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगावरून मांडलेला दोन आघातांचा सिद्धान्त येथे लागू पडतो. सदोष प्रत घेऊन जन्मलेल्या स्त्रीच्या प्रत्येक पेशीवर पहिला आघात आधीच झालेला असतो, म्हणूनच अशा कुटुंबांत रोग लवकर येतो आणि पुष्कळदा दोन्ही स्तनांत येतो. वयानुसार लावलेल्या त्या तक्त्यामागचे जैविक कारण हेच होते.

हे संशोधन चालू असतानाच किंग यांनी वंशावळीच्या गणिताचा आणखी एक उपयोग केला, ज्याचा कर्करोगाशी संबंध नसला तरी त्यांच्या कारकिर्दीच्या कोणत्याही वृत्तान्तात तो यायलाच हवा. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसे नाहीशी करण्यात आली आणि बंदिवासात जन्मलेली किंवा आईवडिलांबरोबर पकडलेली त्यांची बालके दुसऱ्या कुटुंबांना, अनेकदा लष्कराशी संबंधित घरांना, देण्यात आली. या नातवंडांच्या शोधासाठी आज्यांनी ‘प्लासा दे मायोच्या आज्या’ ही संघटना स्थापन केली. आईवडील हयात नसताना मुलाचे नाते केवळ आजीआजोबांच्या रक्तावरून सिद्ध करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. १९८४पासून किंग यांनी त्यासाठी प्रथम ऊतकांच्या प्रकारांवर आधारलेली गणिती पद्धत वापरली आणि पुढे मायटोकाँड्रियातील डीएनएचा आधार घेतला. हा डीएनए फक्त आईकडून उतरतो, त्यामुळे मुलाची आईकडची एकटी आजी हयात असली तरी नाते ठरवता येते. या मार्गाने आणि त्यापुढील तंत्रांनी आजवर १३०हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. हे काम किंग यांच्या कर्करोगाच्या संशोधनाच्या ऐन भरातले आहे आणि त्याकडे जोडधंदा म्हणून पाहणे चूक ठरेल. दोन्हीकडे तेच कौशल्य, तेच संभाव्यतेचे गणित आणि तीच बांधिलकी आहे.

जनुक मिळाल्यावर त्यावर मालकी कोणाची, हा वाद उभा राहिला. मिरियड कंपनीने बीआरसीए जनुकांवर अमेरिकेत एकस्वे (पेटंट) मिळवली आणि तेथे या तपासण्या बराच काळ एकट्या त्या कंपनीमार्फतच होत राहिल्या. खर्च तीन हजार डॉलरांहून अधिक असे. त्यातील वैज्ञानिक उणीव किंग यांच्या गटाने २००६ साली दाखवली: ज्या ३०० कुटुंबांत चार किंवा अधिक रुग्ण असूनही व्यापारी तपासणीचा निष्कर्ष निर्दोष आला होता, त्यांपैकी १२ टक्क्यांत याच दोन जनुकांचे मोठे तुकडे गळालेले किंवा दुणावलेले आढळले. अक्षरे एकेक करून वाचणाऱ्या पद्धतीच्या नजरेतून ते निसटत होते. पुढे त्यांनी टॉम वॉल्श आणि एलिझाबेथ स्विशर यांच्यासह अनेक जनुके एकाच वेळी वाचणारी तपासणी विकसित केली आणि तिला पॉल ब्रोकाचे नाव दिले. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की निसर्गात असलेला डीएनए नुसता वेगळा काढल्याने त्यावर एकस्व मिळू शकत नाही. त्याच दिवशी इतर काही प्रयोगशाळांनी आपल्या तपासण्या जाहीर केल्या आणि पुढील काळात खर्च झपाट्याने उतरला.

किंग १९९५ साली सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेल्या होत्या. तेथून त्यांनी २००३ साली न्यूयॉर्क परिसरातील स्तनाच्या कर्करोगाच्या १,००८ अश्केनाझी रुग्ण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १० टक्के स्त्रियांत बीआरसीए दोष आढळला आणि अशा दोषवाहक स्त्रियांना वयाच्या ८०पर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका ८२ टक्के निघाला, म्हणजे १९८८च्या प्रतिकृतीने केवळ गणिताने काढलेला आकडा प्रत्यक्ष जनुके वाचूनही तसाच आला. त्यानंतरच्या इतर मोठ्या अभ्यासांत हा धोका ७० टक्क्यांच्या आसपास आढळतो. याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष तितकाच विचार करायला लावणारा होता. १९४०पूर्वी जन्मलेल्या दोषवाहक स्त्रियांत पन्नाशीच्या आत रोग होण्याचा धोका २४ टक्के होता, तर त्यानंतर जन्मलेल्यांत ६७ टक्के. जनुकातील दोष तोच असताना दोन पिढ्यांत एवढा फरक पडतो, याचा अर्थ रोग केव्हा प्रकटणार हे ठरवण्यात राहणीमानाचा वाटा आहे. किशोरवयात शारीरिक हालचाल असलेल्या आणि स्थूल नसलेल्या स्त्रियांत रोग उशिरा आल्याचेही त्यात दिसले. तिसरा निष्कर्ष व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला. दोषवाहक रुग्णांपैकी निम्म्या स्त्रियांच्या जवळच्या नात्यात या रोगाचा इतिहासच नव्हता, कारण दोष वडिलांकडून आला होता आणि कुटुंबे लहान होती.

यावरून किंग यांनी २०१४ साली लास्कर पारितोषिक स्वीकारण्याच्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांसह एक स्पष्ट सूचना केली: कुटुंबात रोग असो वा नसो, प्रत्येक स्त्रीला वयाच्या तिशीच्या सुमारास बीआरसीए तपासणीची संधी देण्यात यावी, कारण रोग झाल्यावर दोष कळणे हे प्रतिबंधाच्या दृष्टीने अपयशच आहे. ही सूचना सर्वमान्य झालेली नाही. ज्यांच्या अर्थाविषयी खात्री नाही असे जनुकीय फरक आढळले तर त्यांचे काय करायचे, आणि निष्कर्ष समजावून सांगण्यासाठी समुपदेशक कोठून आणायचे, हे आक्षेप रास्त आहेत. तरीही उपाय उपलब्ध असताना धोक्याची माहिती न मिळालेल्या स्त्रीचे नुकसान भरून येत नाही, हा किंग यांचा मुद्दा अधिक वजनदार वाटतो. नियमित एमआरआय तपासणीने रोग लवकर हाती लागतो. अंडाशय व बीजवाहिन्या योग्य वयात काढल्यास अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो, आणि त्या कर्करोगाचे लवकर निदान करणारी भरवशाची तपासणी अजून नसल्याने हा उपाय अनेकींना जीवदान ठरतो. ज्या दुरुस्तीच्या उणिवेमुळे रोग होतो, तिचाच आधार घेऊन ट्यूमरच्या पेशी मारणारी ‘पार्प’ रोधक औषधेही आली आहेत: पेशीतील दुरुस्तीची दुसरी वाट औषधाने बंद केली की जिची पहिली वाट आधीच बंद आहे अशी कर्कपेशी जगू शकत नाही. त्यांतील ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये प्रथम मान्यता मिळाली.

भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. मुंबईत १९६३पासून कर्करोगाची लोकसंख्यानिहाय नोंदणी होत आली असून डॉ. दाराब जस्सावाला यांनी त्या नोंदींच्या आधारे पारशी समाजातील स्त्रियांत या रोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवले होते. दोन अक्षरे गळालेला तो १८५-डेल-एजी दोष भारतीय कुटुंबांतही सापडला आहे. परंतु बहुतांश जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांवरून गोळा झालेली असल्याने भारतीय स्त्रियांच्या तपासणीत अर्थ न लागणारे फरक अधिक निघतात, आणि ही उणीव येथील कुटुंबांचा अभ्यास झाल्यावाचून भरून निघणार नाही. टाटा मेमोरियल केंद्राचा कर्करोग-आनुवंशिकी विभाग परळ आणि खारघर येथे असे समुपदेशन व तपासणी करतो. ज्या कुटुंबात पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग, कोणत्याही वयात अंडाशयाचा कर्करोग किंवा पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, त्या कुटुंबातील व्यक्तींनी आजोळच्या नात्यांइतकीच वडिलांकडच्या आत्या, आजी आणि चुलत बहिणींची माहितीही, निदान कोणत्या वयात झाले यासह, लिहून ठेवावी आणि ती डॉक्टरांना दाखवावी.